दोन मशिनं, एकच रक्त

त्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ताई फोनवर एक शब्द बोलली. अकरा वाजायच्या आतच, तो परत गिळता यावा म्हणून तिने काय वाटेल ते केलं असतं. शब्द साधाच होता. ‘लावा.’

फोन बस डेपोच्या साहेबांचा होता. ताईची धाकटी बहीण त्यांच्याकडे ड्रायव्हर. सहा वर्षं शहरातली बस चालवत होती आणि गाडीला कधी ओरखडा नव्हता. साहेब अदबीनेच बोलले.

"ताई, सकाळी सकाळी त्रास देतोय. तुमच्या बहिणीने चार दिवसांची रजा मागितलीय. म्हणतात, अंगात त्राण नाही. काल सिग्नल हिरवा झाला तरी गाडी जागची हलेना, मागच्यांनी हॉर्न वाजवून चौक डोक्यावर घेतला. तुम्ही लॅबमध्ये आहात म्हणून तुम्हालाच विचारतो, काही आजार वगैरे आहे का?"

"थायरॉइड आहे, पण गोळी चालू आहे आणि रिपोर्ट नॉर्मल आहे. तिचं रक्त मशीनवर मीच लावते, दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही."

"मग आजची ड्युटी लावू?"

"लावा. घरी बसली की अजून सुस्तावेल."

साहेबांचं समाधान झालं. ताईचंही झालं. बहिणीची नोकरी वाचवली या आनंदात तिने हातमोजे चढवले.

लॅबमध्ये तिला सगळेच ताई म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या मालकीण डॉक्टरसुद्धा ताईच म्हणत, आणि ताईला त्यात काही गैर वाटत नसे. चष्म्याचं दुकान आणि किल्ल्या करून देणारा यांच्या मधल्या तीन खोल्यांत तिची अकरा वर्षं गेली होती. पहिल्या खोलीत बाकडी, मधल्या खोलीत रक्त काढायची खुर्ची आणि आत मशीन. त्या मशीनपाशी ताईच्या परवानगीशिवाय कुणी फिरकायचं नाही. "माणूस खोटं बोलेल, रक्त बोलणार नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. चहात दोन चमचे साखर घालून पिऊन ‘उपाशीपोटीच आलोय’ म्हणणारे कितीतरी वीर तिने उघडे पाडले होते. अशा माणसाला आपल्या शहाणपणाचा थोडा माज चढतोच. ताईलाही चढला होता, पण तिला तो दिसत नव्हता. दिसला असता तर ही गोष्टच घडली नसती.

दोघी बहिणींत आठ वर्षांचं अंतर. आई कामावर जायची, त्यामुळे धाकटीला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. धाकटीच्या केसांचे तर तिने कोण लाड केले! मनगटाएवढी जाड वेणी, घालता घालता ताईचे हात भरून यायचे. शेजारच्या बायका ‘दृष्ट लागेल गं’ म्हणायच्या आणि ताई मिरवायची, जणू केस तिच्याच डोक्यावर उगवले होते.

पावणेदोन वर्षांपूर्वी धाकटीला थायरॉइड निघालं. त्यात विशेष काही नव्हतं. ताईच्या लॅबमध्ये ते रोज कुणाला ना कुणाला निघे. गळ्यातली ग्रंथी सुस्तावली, की मेंदू तिच्यावर ओरडायला लागतो. तो ओरडा रक्तात मोजता येतो, त्याला टीएसएच म्हणतात. ग्रंथी जितकी आळशी, तितका आकडा मोठा. धाकटीचा आकडा तेव्हा अकरा आला, असायला हवा होता चारच्या आत. धाकटीच्या डॉक्टरांनी गोळी दिली, दोन महिन्यांत आकडा खाली आला आणि धाकटी पुन्हा तुरुतुरु चालायला लागली.

मग गाडं हळूहळू घसरलं. भर उन्हात धाकटी बसमध्ये स्वेटर घालून बसायला लागली. आवाज इतका घोगरा झाला की फोनवर अनोळखी माणसं तिला ‘दादा’ म्हणायची. सकाळी डोळे सुजलेले. वजन वाढलं, पोट साफ होईना, बोलता बोलता शब्द सापडेना. आधी जिना एका दमात चढणारी बाई मधल्या पायरीवर बसकण मारायला लागली. आणि केस? केस उशीवर, केस बेसिनमध्ये, केस ड्रायव्हरच्या सीटवर. वेणीची दोरी झाली.

आणि रिपोर्ट? रिपोर्ट म्हणाल तर एकदम गोड. टीएसएच दोन-अडीच. त्याच्या जोडीला ग्रंथीच्या रसाचा दुसरा आकडा असतो, तो तर रेषेच्या जरा वरच. कागद बघून डॉक्टर म्हणाले, गोळी जास्त होतेय, कमी करू. एकदा कमी केली. काही महिन्यांनी पुन्हा कमी केली. डॉक्टरांनी तरी काय करावं? ते कागद वाचणार. कागद ताईच्या मशीनमधून निघायचा.

"ताई, मला बरं नाही गं," धाकटी म्हणायची.

"रिपोर्ट बघ," ताई म्हणायची.

आई म्हणाली, "दिवसभर बसून असते, मग अंगावर येणारच." धाकटीचा नवरा म्हणाला, "हल्ली हिला कामाचा कंटाळा आलाय." पण बोलून झालं की दोघंही ताईच्या तोंडाकडे बघायची, कारण या घरात ताई म्हणजे हायकोर्ट. ताईने निकाल दिला होता, तोही अगदी मायेने, धाकटीच्या पाठीवर हात ठेवून: "हिला काही झालेलं नाही. मनाचे खेळ आहेत. लवकर झोप, रोज थोडी चाल आणि ही नाटकं बंद कर." त्यावर अपील नव्हतं. गेल्या दीड-दोन महिन्यांत धाकटीने तक्रार करणंच सोडलं होतं. काही सांगितलं की ‘बरं’ म्हणायची. ताईला वाटलं, पोरगी सुधारली.

केसांचं मात्र ताईला बघवेना. म्हणून तिने गेल्या वर्षी केसांच्या गोळ्यांचा मोठा डबा आणला. डब्यावर कमरेपर्यंत केस सोडलेली बाई, आत मोठाल्या गुलाबी गोळ्या. धाकटी विसरते म्हणून डबा ताईने लॅबमधल्या स्वतःच्या खणात ठेवला आणि ती दर आठवड्याची पुडी बांधून द्यायची. गुण येईना म्हणून अलीकडे रोजच्या एकाच्या दोन केल्या होत्या. तपासणीच्या दिवसाची तर पद्धतच ठरून गेली होती. धाकटी दुपारची पाळी घ्यायची आणि सकाळी सातला लॅबमध्ये यायची. "थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर," ताई बजावायची, कारण तसंच करायचं असतं. "ही गुलाबी मात्र आत्ताच घे. हिने काय होतंय, जीवनसत्त्व आहे." धाकटी गोळी गिळून बाकड्यावर तासभर पडायची. तोवर ताई झाडलोट बघायची, मशीन सुरू करायची, मग रक्त काढायची. आपल्या माणसाची गोळी चुकू नये, एवढाच त्यात जीव अडकलेला होता. वाईट हेतू औषधालाही नव्हता.

तर त्या सकाळी डेपोचा फोन ठेवून ताई आतल्या खोलीत गेली. तिथे नवीन मशीन येऊन बसलं होतं. जुनं थकलं होतं, त्याला आता सुट्टी मिळणार होती. नवीन वेगळ्या कंपनीचं, मोजायची रीतही वेगळी. ते बसवायला आलेला इंजिनिअर पन्नाशीचा, गुळगुळीत टकलाचा, गप्पिष्ट माणूस होता.

नवीन मशीनवर थेट पेशंटचं रक्त लावत नाहीत. आधी त्याची परीक्षा घेतात. रक्तावरचं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, वेगळं करून लॅबमध्ये गोठवून ठेवलेलं असतं. त्यातल्या चाळीस नळ्या काढायच्या, त्याच नळ्या जुन्या मशीनवरही लावायच्या आणि नव्यावरही, आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी लिहायचे. जुळले तर नवरी पसंत. ताईने आदल्या दिवशी चाळीस नळ्या निवडल्या होत्या. त्यात सत्ताविसावी नळी धाकटीची होती, तीन आठवड्यांपूर्वीची. अशा कामासाठी ती घरच्यांची नळी नेहमीच बाजूला ठेवायची, कारण घरच्या रक्ताला परवानगी कुणाची विचारायची?

साडेनऊला दोन्ही याद्या छापून निघाल्या. इंजिनिअरने पट्टी घेतली आणि ओळीवर ओळ जुळवत तो वाचायला लागला.

"एक पॉइंट आठ, एक पॉइंट नऊ. छान. सहा पॉइंट दोन, सहा. छान. बघा ताई, जुळी भावंडं!" सव्वीस ओळी तो असा कौतुक करत आला. मग पट्टी थांबली. "हे काय?"

ताईने मान पुढे केली. सत्तावीस. जुन्या मशीनवर २.४. नव्या मशीनवर ४६.

"तुमच्या मशीनला नाचता येत नाही," ताई लगेच म्हणाली.

"बाकीच्या वेळी बरं नाचलं!" तो हसला आणि उरलेल्या तेरा ओळी त्याने भराभर तपासल्या. तेराही चोख जुळल्या. चाळिसात एकच वाकडी.

"नळी बदलली असेल," ताई म्हणाली, पण म्हणतानाच तिला ठाऊक होतं की नळी बदललेली नाही. नळीवरचं अक्षर तिचं होतं. ही नळी तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिलेली नव्हती. तिने तीच नळी उचलली, दोन्ही मशिनांना पुन्हा पाजली आणि खुर्चीत बसून राहिली. वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत बाहेरून दोनदा ‘ताई, पेशंट आलेत’ अशी हाक आली आणि ताईने दोन्ही वेळा उत्तर दिलं नाही.

जुनं मशीन म्हणालं, २.३. नवं म्हणालं, ४६.

"आता एक करू," इंजिनिअर म्हणाला. त्याचं हसू उतरलं होतं. "हे सीरम पातळ करून जुन्यावर लावू. एकास चार. आलेल्या आकड्याला पाचाने गुणलं की पुन्हा दोन-अडीच यायला हवं. खरा आकडा पातळ केला तरी बदलत नाही."

पुन्हा वीस मिनिटं. गुणाकार ताईनेच केला. उत्तर आलं एकोणीस.

अकरा वर्षं ज्या मशीनच्या शब्दावर ताईने जगाला खोटं पाडलं, ते मशीन तिच्या डोळ्यांदेखत स्वतःच्याच शब्दाला फिरलं. ताईच्या कानात गरम वाफ शिरल्यासारखं झालं. तिने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. एकोणीसच.

"ही बाई केसांच्या गोळ्या घेते का हो?" इंजिनिअरने विचारलं.

ताईला आधी प्रश्नच कळला नाही. केसांचा आणि याचा काय संबंध?

"घेते," ती म्हणाली.

"कोणत्या, माहितीय?"

ताईने खण ओढला. हात वाकवला की पोचेल इतक्या अंतरावर तो खण होता. तिने डबा काढून टेबलावर ठेवला. इंजिनिअरने चष्मा कपाळावर सरकवून डब्याच्या बाजूची बारीक अक्षरं वाचली आणि जीभ टाळ्याला लावून ‘च्’ केलं.

"बायोटिन, केसांचं जीवनसत्त्व. आणि भरपूर. तुमच्या जुन्या मशीनमध्ये जे मोजायचं ते धरून ठेवायला हेच बायोटिन वापरतात. ते चिकटवायच्या ठरावीक जागा असतात. पेशंटच्या रक्तात आधीच हे तुडुंब भरलेलं असेल तर जागा हेच अडवून बसतं. मग खरा टीएसएच धुऊन निघून जातो आणि मशीनला वाटतं, नाहीच. सीरम पातळ केलं तसं हेही पातळ झालं, म्हणून आकडा वर आला. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत रक्त काढलं असेल तर विचारूच नका. दुसरा आकडा उलटा, खोटाच वाढलेला दिसतो. आमच्या या मशीनची रीत वेगळी, त्याला फरक पडत नाही. मी स्वतः खाल्ल्यात या गोळ्या दोन वर्षं, माझेही रिपोर्ट असेच वेडेवाकडे आले होते." त्याने टकलावरून हात फिरवला. "आणि पीक काय आलंय ते दिसतंच आहे."

एरवी या विनोदावर ताई पोट धरून हसली असती. आज ती डब्यावरच्या लांब केसांच्या बाईकडे बघत राहिली.

"हे कुठे लिहिलंय?" तिने विचारलं.

इंजिनिअरने जुन्या मशीनच्या रसायनांचा खोका उघडला आणि आतला घडी घातलेला पातळ कागद काढला. तिसऱ्या पानावर त्याने बोट ठेवलं. मोठ्या मात्रेत बायोटिन घेणाऱ्या रुग्णाचं रक्त शेवटच्या गोळीनंतर किमान आठ तास काढू नये. सरळ, साध्या भाषेत. ताईने आठवड्याला दोन खोके या दराने अकरा वर्षं हा कागद खोक्यातून काढला होता आणि टोपलीत टाकला होता. सगळेच टाकले असं नाही. मशीनचं टेबल डुगडुगायचं, त्याच्या पायाखाली तिने असेच तीन कागद घड्या घालून सारले होते. वाचला एकही नव्हता. जे आपल्याला येतंच ते कोण वाचतं?

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा काखेत असलेल्याने निदान दुसऱ्याला वेड्यात तरी काढलेलं नसतं. ताईने वर्षभर आजार धाकटीच्या मनात शोधला होता. आता एकेक गोष्ट तिच्यासमोर येऊन उभी राहायला लागली आणि तिला एकीकडेही पाठ फिरवता येईना. ग्रंथी सुस्तावली म्हणून केस गळले. केस गळले म्हणून तिने गोळी दिली. गोळीने रिपोर्ट गोड झाला. गोड रिपोर्ट बघून डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी कमी केली. ती कमी केली म्हणून केस आणखी गळले. मग ताईने एकाच्या दोन केल्या. आणि दर वेळी रक्ताआधी तासभर, आठवणीने, स्वतःच्या हाताने पाणी देऊन!

"कोण आहे ही पेशंट?" इंजिनिअरने हळूच विचारलं.

"माझी बहीण."

"शेहेचाळीस म्हणजे फार आहे, ताई. आणि हे तीन आठवड्यांपूर्वीचं. झोपूनच असतील ना घरी?"

ताईने घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून पंचवीस. तोवर तिला फक्त लाज वाटत होती. आता ‘लावा’ आठवलं.

"बस चालवतेय," ती म्हणाली.

धाकटीचा फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा डेपोचा नियम, आणि धाकटीने नियम कधी मोडला नव्हता. ताईने साहेबांना फोन लावला.

"साहेब, तिला थांबवा. तिची गाडी थांबवा."

"अहो, झालं काय? सकाळी तुम्हीच नॉर्मल म्हणालात ना?"

"मी चुकले."

हे दोन शब्द ताईने अकरा वर्षांत या जागेवर उभं राहून उच्चारले नव्हते.

"नऊ-पन्नासची फेरी घेऊन निघाल्यात. रस्त्यात निरोप द्यायचा म्हणजे पुढच्या मोठ्या थांब्यावर माणूस पाठवावा लागेल. तुमच्या लॅबजवळच्या थांब्यावर दहा-चाळीसला येते ती गाडी. तुम्हीच जवळ आहात, ताई."

ताई होती तशी निघाली. अंगात पांढरा कोट, एका हातात हातमोजा, दुसऱ्या हातात ते दोन रकान्यांचे कागद. बाहेरच्या बाकड्यांवर बसलेले पेशंट बघत राहिले. किल्लीवाला म्हणाला, "ताई, आज पळापळ?" त्याला तिने बाजूला सारलं. वय शेहेचाळीस, गुडघे बोलायला लागलेले, पण ती कोपऱ्यापर्यंत खरोखर धावली.

थांब्यावर सात-आठ माणसं होती. दहा-चाळीस झाले. दुसऱ्याच नंबरची बस आली, गेली. दहा-पंचेचाळीस. ताई रस्त्याच्या कडेला इतकी पुढे उभी राहिली की एक सायकलवाला तिला शिव्या देऊन गेला. वळणापलीकडे कुठेतरी हॉर्न एकसारखा वाजत होता. बसमध्ये किती माणसं असतील? शाळेची पोरं असतील? धाकटीने आत्ता, या क्षणी डोळे मिटले असतील तर? आणि उद्या सगळे तिलाच म्हणतील, निष्काळजी ड्रायव्हर. रिपोर्ट तर नॉर्मल होता.

"बाई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" शेजारच्या माणसाने विचारलं.

"मला काय धाड भरलीय," ताई म्हणाली आणि रडायलाच लागली.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी वळणावर बस दिसली. ती इतकी हळू येत होती की मागे गाड्यांची रांग लागली होती. थांब्यापासून बरीच पुढे जाऊन उभी राहिली, फुटपाथपासून लांब. लोक कुरकुरत तिच्याकडे निघाले. ताई त्यांना ढकलून पुढच्या दारातून वर चढली.

धाकटी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती. अंगात स्वेटर. चेहरा सुजलेला आणि पिवळट, खालचा ओठ जाड झालेला. तीन आठवड्यांपूर्वी ताईने हाच चेहरा बघितला होता आणि त्यानंतर कागद बघितला होता. आज हातात कागद होता तरी ती चेहराच बघत होती. आजारी बाई. कुणीही सांगितलं असतं. रस्त्यावरच्या सायकलवाल्यानेसुद्धा सांगितलं असतं.

"ताई? तू कशी?" धाकटीने विचारलं. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा.

"गाडी बंद कर."

"आधीच उशीर झालाय गं. साहेब ओरडतील."

"बंद कर म्हणते ना. साहेबांशी बोललेय मी."

धाकटीने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं तशी बसमध्ये शांतता झाली आणि मागून कुणीतरी ‘आता काय नवीन’ म्हणालं.

"तुझा रिपोर्ट चुकीचा होता," ताई म्हणाली. "वर्षभराचे सगळेच. आकडा दोन नाही. शेहेचाळीस आहे."

ही गोष्ट धाकटीपर्यंत पोचायलाच वेळ लागला.

"चार असतो ना नॉर्मल?"

"चारच्या आत."

"म्हणजे मी नाटकं करत नव्हते."

"नव्हतीस."

"मनाचे खेळ नव्हते."

"नव्हते गं."

"मोठ्याने म्हण ना," धाकटी म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, पण चेहरा हलत नव्हता, त्याला तेवढीही ताकद नव्हती. "घरी कुणी ऐकत नाही. इथे तरी म्हण."

ताईने बसकडे तोंड केलं. चाळीस अनोळखी चेहरे. "माझी बहीण आजारी आहे," ती म्हणाली. "खूप दिवसांपासून आजारी आहे. आम्ही कुणी तिचं ऐकलं नाही. तुम्ही सगळे उतरा, दुसरी गाडी येईल."

लोक उतरायला लागले. एका म्हातारीने जाता जाता धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती पुढे गेली.

इथे थांबता आलं असतं. मशीन खोटं बोललं, एवढं सांगून सुटता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. जुनं मशीन बिचारं भंगारात जाणार होतं, त्याने काही तक्रार केली नसती. इंजिनिअर उद्या आपल्या गावी गेला असता. ताईच्या मनात हे सगळं येऊन गेलं. ती काही देवता नव्हती.

"मशीन का चुकलं?" धाकटीने विचारलं.

"केसांच्या गोळ्यांमुळे. मी देत होते त्या. त्याने आकडा खोटा कमी येतो. खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं, मी वाचलं नाही." मग तिने उरलेलंही सांगून टाकलं. "आणि सकाळी साहेबांनी विचारलं, ड्युटी लावू का. मी म्हटलं, लावा."

धाकटीने मान खाली घातली. सीटच्या पाठीवर तिचे चार-पाच केस चिकटलेले होते. ते तिने बोटाने गोळा केले, त्यांची गुंडाळी केली आणि ती हातात धरून बसली. बसच्या पत्र्यावर ऊन तापत होतं आणि ती स्वेटरमध्ये कुडकुडत होती.

"मी रजा मागितली होती, ताई," ती शेवटी म्हणाली. "काल रात्री अर्ज लिहायला मला एक तास लागला. अक्षरं आठवेनात."

"चल, डॉक्टरकडे जाऊ," ताई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. नव्या मशीनवर पुन्हा रक्त लावू, मी स्वतः..."

धाकटी उठली. पायऱ्या तीनच होत्या, पण पहिल्याच पायरीवर तिचा गुडघा लटपटला. तिने ताईचा खांदा धरला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. ताईने दोन्ही हातांनी तिला कवेत घेऊन खाली उतरवलं. रस्त्यावर पाय टेकल्यावर धाकटी श्वास घ्यायला थांबली. खांदा तिने सोडला नव्हता.

"रक्त तू नको काढूस," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणालातरी सांग."

"बरं," ताई म्हणाली.